बारावी बायोलॉजीच्या महत्त्वाच्या टर्म्स आणि डेफिनिशन्स कोणत्या, आणि त्या पाठ कशा करायच्या?

तुम्ही चॅप्टरवाइज यादी मागितलीय आणि खाली लिहिलंय की समजून घ्यायला वेळ नाही, फक्त पाठ करायची ट्रिक सांगा. ट्रिक नाही माझ्याकडे. यादी कुठल्याही गाईडमध्ये मिळेल. मी चंद्रपूरकडची, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, आणि तोंडपाठ डेफिनिशन म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस येतो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी बारावीत होते तेव्हा ताईचं लग्न जमत आलं होतं. पसंती झालेली, फक्त बोलणी बाकी. मुलगा शिकलेला, त्यानेच सुचवलं होतं की आपल्या भागात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे तर दोघंही तपासून घेऊ. रिपोर्ट आले. तो एए, म्हणजे नॉर्मल. ताई एएस, म्हणजे कॅरिअर. बोलणीच्या दिवशी मुलाचे काका आले होते, हायस्कूलला सायन्स शिकवून रिटायर झालेले. पोह्यांच्या प्लेटा तशाच राहिल्या, काकांनी ताईचा रिपोर्ट वाचला, घडी घालून टीपॉयवर ठेवला आणि सगळ्यांसमोर कॅरिअरची डेफिनिशन म्हणून दाखवली, इंग्रजीत, कुठेही न अडखळता. ज्याच्यात आजाराचा रिसेसिव्ह अलील (जोडीला नॉर्मल असला की दबून राहणारं जीनचं रूप) आहे पण ज्याला स्वतःला आजार नाही, तो कॅरिअर. एकदम बरोबर. आणि पुढचंच वाक्य, "म्हणजे आजार घरात येणार."

मला राहवलं नाही. आतून वही आणली आणि चार चौकोन पाडले, कारण बाळाला आईकडून एक आणि बापाकडून एक अक्षर मिळतं. वर मुलाचे ए आणि ए, बाजूला ताईचे ए आणि एस. उत्तर आलं एए, एए, एएस, एएस. एसएस एकाही चौकोनात नाही, म्हणजे मूल फार तर कॅरिअर होईल, पेशंट होणार नाही. काकांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाले, "हाव बेटा, बरोबर काढलं तू. पण रिस्क काहून घ्याची?" रेशो बरोबर आला म्हणून शाबासकी द्यायची आणि त्याच रेशोवरून सोयरीक मोडायची! बाबा काही बोलले नाहीत, मुलगाही नाही. मोडलंच ते. ताईचं पुढे छान झालं, तो विषय वेगळा, पण माझा राग काही गेलेला नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. या एका जीनवर इन्हेरिटन्स आणि मॉलिक्युलर बेसिसच्या निम्म्या डेफिनिशन्स बसतात, म्हणून मी म्हणते की सुटे शब्द घोकू नका, एक केस धरा. 11व्या क्रोमोसोमवर बीटा ग्लोबिनचा जीन, ती जागा म्हणजे लोकस. त्याची दोन रूपं ए आणि एस, हे अलील. एए आणि एसएस होमोझायगस, एएस हेटरोझायगस. रिपोर्टवर लिहिलेलं एएस हा जिनोटाइप, आणि माणूस ठणठणीत की आजारी हा फिनोटाइप. सहाव्या कोडॉनमध्ये (तीन अक्षरांच्या गटात) जीएजीचं जीयूजी झालं, एकच अक्षर बदललं, ग्लुटामिक अॅसिडच्या जागी व्हॅलिन आलं, ही पॉइंट म्युटेशन. त्यामुळे ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, पेशी विळ्यासारख्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, मग अॅनिमिया, हाडं-सांधे दुखणं, कावीळ, प्लीहा खराब होणं, सगळं एकाच जीनमुळे. झाली प्लायोट्रॉपी. पाठ करावं लागलं का?

आणि आता ते जिथे मुलं हमखास गडबडतात. सिकलसेल रिसेसिव्ह की कोडॉमिनंट? दोन्ही. आजार होतो का बघाल तर रिसेसिव्ह, कारण एएसवाला सहसा धडधाकट असतो. पण हिमोग्लोबिन बघाल तर एएसच्या रक्तात ए पण बनतं आणि एस पण, इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करायची टेस्ट) दोन वेगळे पट्टे येतात, म्हणजे कोडॉमिनन्स. लॅबमध्ये आम्ही आधी सोल्युबिलिटी टेस्ट लावतो. ट्यूबमध्ये केमिकल, त्यात थोडं रक्त, आणि ट्यूबमागे रेघा मारलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, पाणी गढूळ होऊन रेघा गायब झाल्या तर एस आहे. पण एएस आणि एसएस दोन्हीत गढूळ होतं, म्हणून पुढची टेस्ट लागते. इथेच घरच्यांचा जीव टांगणीला लागतो, आणि इथेच कॅरिअर म्हणजे काय हे कुणीतरी बसून समजावून सांगावं लागतं, ते बहुतेक वेळा माझ्यावरच येतं.

बाकी चॅप्टर्ससाठी एवढंच सांगते की टर्म जोडीने करा, कारण मार्क तिथे जातात जिथे दोन शेजारच्या टर्म्समध्ये गोंधळ होतो. इन्कम्प्लीट डॉमिनन्स (गुलबाक्षीचं गुलाबी फूल, रंग मिसळतो) आणि कोडॉमिनन्स (एबी रक्तगट, दोन्ही वेगवेगळे दिसतात). बॅक क्रॉस म्हणजे पहिल्या संकरित पिढीचा (एफ1) क्रॉस कुठल्याही पेरेंटशी, टेस्ट क्रॉस फक्त रिसेसिव्ह पेरेंटशी, म्हणून प्रत्येक टेस्ट क्रॉस हा बॅक क्रॉस असतो पण उलटं नाही. पार्थेनोकार्पी म्हणजे फर्टिलायझेशनशिवाय फळ, केळं, आणि पार्थेनोजेनेसिस म्हणजे फर्टिलायझेशनशिवाय जीव, मधमाशीचा नर. ट्रान्सपिरेशनमध्ये पाणी वाफ होऊन जातं, गटेशनमध्ये थेंब होऊन, ते पण स्टोमॅटातून नाही तर हायडॅथोडमधून (पानाच्या कडेची पाण्याची छिद्रं), पहाटे अळूच्या पानाच्या टोकाला बघा. डबल फर्टिलायझेशनला नारळ आणा घरी, त्यातून बनणारा बीमधला अन्नसाठा म्हणजे एंडोस्पर्म, नारळाचं पाणी म्हणजे फ्री न्यूक्लिअर एंडोस्पर्म (पेशींच्या भिंती नसलेला), खोबरं सेल्युलर.

आता काही गोष्टी ज्या आधीच सांगायला हव्या होत्या. बोर्डाच्या 70 मार्कांच्या पेपरात 10 एमसीक्यूचे आणि 8 एकेका मार्काच्या प्रश्नांचे, तिथे कीवर्ड लागतातच, तपासणारा तुमची समज शोधत बसत नाही. "हायडॅथोड" शब्द नसेल तर मार्क गेला समजा. म्हणजे शेवटच्या आठवड्यात थोडं घोकावंच लागेल, मी पण घोकलं. नीटमध्ये 720 पैकी 360 मार्क बायोलॉजीचे, पण तिथे डेफिनिशन लिहायची नसतेच, चांगल्या वाक्यातला एक शब्द बदलून देतात आणि घोकणाऱ्यालाच ते वाक्य ओळखीचं वाटतं.

दुसरं, लग्नाआधी टेस्ट करू नका असा अर्थ काढू नका, जरूर करा. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के शक्यता असते एसएस मूल होण्याची. चार मुलांत एक असं नाही, दरवेळी नव्याने 25 टक्के, तेव्हा डॉक्टरांशी बोलूनच पुढे जा. आणि क्लासमध्ये कुणी रेशो शिकवताना एसएस मुलं जगतच नाहीत असं म्हणलं तर सरळ हात वर करा, हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू असलेले, नोकरी करणारे एसएस पेशंट माझ्याकडे रक्त द्यायला येतात.

ते काका हल्ली मोबाइलवर बरंच वाचतात असं ऐकलंय. वाचत असतील तर, एए आणि एएस, एसएस शून्य टक्के.

इकॉलॉजीच्या चॅप्टर्सचं मात्र मला विचारू नका, ते मी सरळ पाठच केले होते.