केळीचा काय गुन्हा?

प्रश्न : टीव्हीवरच्या चर्चेत एक जण तावातावाने म्हणाला, "आपला देश काय बनाना रिपब्लिक आहे का?" आमच्या घरी तीन पिढ्या केळी पिकते. भ्रष्ट देशाला केळ्याचं नाव का?
– एक केळी उत्पादक, रावेर

उत्तर : भाऊ, माझं आजोळ सावद्याचं. हा शब्द मलाही टोचतो.

तो छापला गेला १९०४ साली, ओ. हेन्री या अमेरिकी कथाकाराच्या 'कॅबेजेस अँड किंग्ज' या पुस्तकात. हा ऑस्टिनच्या एका बँकेत रोखपाल होता. अफरातफरीचा आरोप आला तसा १८९६ मध्ये मध्य अमेरिकेतल्या होंडुरासला पळाला. तिथे जे पाहिलं त्यावरून त्याने अँचुरिया नावाचा काल्पनिक देश रचला आणि त्याला 'बनाना रिपब्लिक' म्हटलं. एकाच पिकाच्या निर्यातीवर जगणारा आणि परक्या कंपनीच्या मुठीत गेलेला देश, हा त्याचा मूळ अर्थ. आज कुठल्याही अंदाधुंदीला हे नाव देतात, ते मला पटत नाही.

पण केळीच का? तुम्हाला हे सांगायला नको : घड कापला की तो कुणासाठी थांबत नाही. लहानपणी सावदा स्टेशनवर मी मामांना पाहिलंय. वॅगनला उशीर झाला की ते घडांवर पानं झाकत येरझाऱ्या घालायचे, आणि शेवटी व्यापारी म्हणेल त्या भावाला मान डोलवायचे. ज्याची गाडी त्याचा भाव.

मध्य अमेरिकेत गाडी, रूळ, धक्का आणि जहाजं एकाच मालकाची झाली. १८९९ साली स्थापन झालेली युनायटेड फ्रूट कंपनी ती. लोक तिला 'एल पुल्पो', म्हणजे ऑक्टोपस म्हणत. होंडुरासमध्ये सॅम झेमरे या दुसऱ्या केळी व्यापाऱ्याने १९१०च्या अखेरीस माजी अध्यक्ष मानुएल बोनिया यांना बोट, बंदुका आणि भाडोत्री लढवय्ये पुरवले. बोनिया पुन्हा अध्यक्ष झाले आणि झेमरेला जमिनी आणि करसवलती मिळाल्या.

ग्वाटेमालाची गोष्ट तर ऐकवत नाही. अध्यक्ष हाकोबो आर्बेंस यांनी १९५२ मध्ये पडीक जमिनी भूमिहीनांना वाटण्याचा कायदा केला. युनायटेड फ्रूटची पडीक जमीन घेताना भरपाई ठरवली ६ लाख २७ हजार डॉलरच्या आसपास. हा आकडा सरकारने मनाने काढलेला नव्हता. कर वाचवण्यासाठी कंपनीनेच कागदावर तेवढी किंमत लावली होती! आता मात्र अमेरिकी सरकारने कंपनीच्या वतीने दीड कोटीहून जास्त मागितले. १९५४च्या जूनमध्ये सीआयएने घडवलेल्या उठावात आर्बेंस यांची सत्ता गेली. लोकांनी निवडून दिलेला माणूस होता तो.

पुढे होंडुरासने केळीच्या खोक्यामागे निर्यातकर लावला. तो उतरवून घेण्यासाठी त्याच कंपनीने १२ लाख ५० हजार डॉलरची लाच दिल्याचं १९७५ मध्ये उघड झालं आणि अध्यक्ष लोपेस आरेयानो यांची खुर्ची गेली. घेणारा होंडुरासचा, देणारी कंपनी अमेरिकेची. शिवी तेवढी होंडुरासच्या वाट्याला आली, आणि तुमच्या-माझ्या केळीच्या.