‘पूर्ववत’, ‘व्रण’ आणि हृदयावरचा वण

जुळे सोलापुरातील एका वाचकांनी विचारले आहे की, हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर अँजिओप्लास्टीने रक्तवाहिनी मोकळी झाली, तर ‘हृदय पूर्ववत झाले’ असे लिहावे की ‘हृदयावर व्रण राहिला’ असे लिहावे. दोन्ही वाक्ये चुकीची आहेत.

पूर्ववत होतो तो रक्तप्रवाह, हृदय नव्हे. हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी बंद पडली की साधारण २० मिनिटांनंतर स्नायूपेशी कायमच्या मरू लागतात, आणि रायमर व जेनिंग्ज या संशोधकांनी १९७७ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवल्याप्रमाणे हे मरण हृदयभिंतीच्या आतल्या थराकडून बाहेरच्या थराकडे काही तासांत सरकत जाते. म्हणूनच अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून रुग्णाला सोलापुरात आणायला उशीर झाला, तर बाहेरचा थरही हातचा जातो. वेळेत प्रवाह सुरू झाल्यास तो थर वाचतो, परंतु वाचलेला स्नायूही काही दिवस, कधी काही आठवडे मरगळलेला राहतो. शिवाय परतलेल्या रक्तामुळेच पेशींत कॅल्शियमचा अतिरेक होऊन आणि ऑक्सिजनची मारक रूपे निर्माण होऊन काही पेशी दगावतात. मेलेला भाग पांढऱ्या पेशी उपसून काढतात, तिथे कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू भरतात आणि दोनेक महिन्यांत टणक, आकुंचन न पावणारी ऊती तयार होते. यंत्रमागांच्या या शहराला समजेल असे सांगायचे तर ते रफू नसून ठिगळ असते.

या ठिगळाला ‘व्रण’ म्हणणे मला सहन होत नाही. संस्कृतात व्रण म्हणजे जखम, तीही उघडी. आपल्या वैद्यकीय परिभाषेतील ‘जठरव्रण’ हा शब्द तोच अर्थ आजही नीट सांभाळून आहे. जखम भरल्यावर मागे राहते त्या खुणेला मराठीत ‘वण’ हा शब्द आहे, आणि तो व्रणापासूनच आला आहे. ग्रामाचा गाव झाला, ग्रंथीची गाठ झाली, भ्रातृचा भाऊ झाला, तसाच व्रणातला रकार गळून वण झाला. मात्र रूप बदलताना अर्थही पुढे सरकला. माझे मत असे की फारसीतून आलेल्या ‘जखम’ या शब्दाने उघड्या घावाची जागा घेतली, तेव्हा वणाकडे बऱ्या झालेल्या घावाची खूण तेवढी उरली. ‘वण’ हा ग्रामीण, अशुद्ध उच्चार समजून तिथे ‘व्रण’ करणारे मुद्रितशोधक आणि त्यांना पाठिंबा देणारे भाषापंडित शुद्धलेखनाच्या नावाखाली भाषेने शतकानुशतके घडवलेला एक भेद पुसून टाकत आहेत. ‘मनावर व्रण उमटले’ हे रोज छापून येणारे वाक्य याच हट्टाचे फळ आहे.

सुश्रुताने व्रणाचे ६० उपक्रम, म्हणजे उपचार, सांगितले आहेत. त्यांत ‘रोपण’, म्हणजे जखम भरून आणणे, तर आहेच, पण भरलेल्या जागेचा रंग त्वचेशी मिळवून आणण्याचे पांडुकर्म व कृष्णकर्म आणि तिथे केस उगवण्याचे उपायही आहेत. म्हणजे वणाचासुद्धा स्वतंत्र विचार आहे. रोपण हा शब्द रुह्, म्हणजे वाढणे, उगवणे, या धातूच्या प्रयोजक रूपातून आलेला आहे. आपण शेतात लावतो ते रोप त्याच धातूचे. जखम भरणे म्हणजे उगवणे, ही कल्पना त्वचेला बऱ्याच अंशी लागू पडते, कारण खोल जखमेत वण राहिला तरी तिथे निदान वरचा थर त्वचेचाच उगवतो. हृदयात स्नायूच्या जागी स्नायू उगवत नाही: पंचविशीतल्या माणसाच्या हृदयपेशींपैकी वर्षाला सुमारे १ टक्का आणि पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी नव्याने तयार होतात, आणि एवढ्याने झटक्यात मेलेला भाग भरून निघणे शक्य नाही. म्हणून हृदयाच्या बाबतीत ‘रोपण’ हा शब्दही मी वापरणार नाही. तिथे वण धरतो, एवढेच लिहावे.