सावनीला पानंच पानं, फूल काही येईना

प्रश्न : नमस्कार भाऊ, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. 3 वर्षांआधी नर्सरीतून गुलाबी सावनीचं रोप आणून अंगणात कडुनिंबाखाली लावलं. झाड डोक्याच्या वर गेलं, पानं हिरवीगार, पण फूल एकही नाही. पराटीला (कपाशीला) टाकून उरलेला युरिया आमचे हे त्यालाही टाकतात, आणि मागच्या पोळ्याला त्यांनीच ते अर्ध्यातून छाटलं. आता पानावर पांढरी भुकटी दिसते. काढून टाकू का? आणि हेच तामण आहे का? नर्सरीवाला तर तसंच म्हणे.

उत्तर : ताई, काढू बिलकुल नका! झाड चांगलं आहे, फक्त त्याला ऊन मिळत नाहीये. सावनीला दिवसाचं 6 तास तरी सरळ ऊन पाहिजे, कडुनिंबाच्या सावलीत ती नुसती उंच होते. आणि युरियाचं तर तुम्हाला पराटीवरूनच माहीत आहे, नत्र जास्त झालं की झाड माजते आणि फुलाचं नाव नाही. तो आजपासून बंद करा, वर्षातून एकदा घमेलंभर कुजलेलं शेणखत पुरते.

आता छाटणी. सावनीची फुलं त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांदीच्या शेंड्यावर येतात, म्हणून पोळ्याला कात्री लावली की बहरच हातचा गेला समजा. जानेवारीच्या शेवटी, झाड झोपेत असताना छाटा, आणि तेव्हाही फक्त पेन्सिलीएवढ्या काड्या, वाळलेलं आणि एकमेकीवर घासणाऱ्या फांद्या. जाड फांद्या दरवर्षी एकाच जागी तोडल्या तर तिथे गाठी होतात, त्यातून लांब कवळ्या काड्या निघतात आणि पावसात फुलांच्या वजनाने जमिनीला टेकतात, मला ते पाहवत नाही.

त्याच वेळी झाड मातीच्या गड्ड्यासकट काढून उन्हात हलवा. खड्डा 2 फूट घ्या, तुमची काळी माती असेल तर थोडा मुरूम आणि शेणखत मिसळा, कारण पाणी साचलं की मुळं सडतात. हलवल्यावर पहिला उन्हाळा मात्र पाणी चुकवू नका, आपल्याकडे पारा 45 वर जातो. त्या वर्षी फूल कमी आलं तरी धीर सोडू नका.

पांढरी भुकटी म्हणजे भुरी, तीही सावलीत आणि दाट फांद्यांतच जास्त येते. पाण्यात विरघळणारं 80 टक्के गंधक 10 लिटरला 20 ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा, कडक उन्हात फवारलं तर पानं करपतात.

आणि नाही, हे तामण नाही, पण बहीण आहे त्याची. तामण आपल्या राज्याचं फूल, झाड 40-50 फुटी, उन्हाळ्यात जांभळं फुलते. सावनी चीनकडची, फुलते पावसाळ्यात, म्हणून तर हे नाव, आणि काही जण तिला चिनाई मेंदी म्हणतात. तिसरी बहीण तर आपल्या जंगलातच आहे, लेंडिया! त्याची पांढरी बारीक फुलं आपण पाहतच नाही, लाकूड तेवढं शेतीच्या अवजारांसाठी आठवते. मेंदी, डाळिंब, धायटी हेही याच कुळातले.

पहिलं फूल आलं की जवळून बघाच ताई. 6 पाकळ्या, प्रत्येकीला दोऱ्याएवढा बारीक देठ, आणि पाकळी अशी चुरगळलेली की शाळेच्या गॅदरिंगला लावलेला क्रेप कागदच वाटते, इंग्रजीत क्रेप मर्टल हे नावही त्यावरूनच पडलं. मधे पिवळ्या केसरांचा झुपका. खोडही बघा, जुनी साल कागदासारखी सुटते आणि खाली गुळगुळीत फिकट बदामी खोड निघते, मी तर येताजाता हात फिरवतो. फुलोरा सुकला की बोंडं धरायच्या आत कापत जा, दुसरा बहर येतो.

शेजारणीला रोप पाहिजे असेल तर आता पावसातच वीतभर काडी रेतमिश्रित मातीत खोचा, सावलीत ठेवा, फुटवे आले की उन्हात घ्या.