‘ॲक्वापोरिन’ आणि पाण्याचा उतार

प्रश्न असा आहे: पेशीपटलातल्या ‘ॲक्वापोरिन’ या प्रथिनासाठी मराठीत ‘जलपंप’ आणि ‘जलछिद्र’ असे दोन शब्द वाचायला मिळतात, बरोबर कोणता?

‘जलपंप’ आधी खोडा. आरोग्यविषयक लेखांत तो इतक्यांदा दिसतो की आता चीड येते. पंप ऊर्जा खर्चून पदार्थ चढाकडे ढकलतो. सोडियम-पोटॅशियम पंप एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक पदार्थाचा एक रेणू खर्ची घालून ३ सोडियम आयन पेशीबाहेर काढतो आणि २ पोटॅशियम आयन आत घेतो. ॲक्वापोरिन काहीच ढकलत नाही. परासरणाने, म्हणजे विरघळलेले पदार्थ कमी असलेल्या बाजूकडून जास्त असलेल्या बाजूकडे, पाणी ज्या बाजूला जायचं त्या बाजूला ते आपलं आपण जातं, हे प्रथिन फक्त वाट देतं. एका वाटेने सेकंदाला सुमारे ३ अब्ज रेणू जातात हे खरं, पण वेग म्हणजे जोर नव्हे. ‘जलवाहिनी’ही नको, ती वनस्पतिशास्त्राने आधीच घेतली आहे.

आता ‘छिद्र’. इंग्रजी ‘पोर’ म्हणजे भोक, एवढ्यावर थांबणाऱ्यांनी हा शब्द रुळवला. मूळ ग्रीक ‘पोरोस’चा अर्थ मात्र पलीकडे जायची वाट, नदी ओलांडायची जागा. धातू तोच, ज्यातून संस्कृत ‘पार’ आणि ‘पिपर्ति’ (पलीकडे नेतो) आले. ‘बॉस्पोरस’ या सामुद्रधुनीचं नाव फोडून पाहा: ‘बूस’ म्हणजे गाय-बैल, आणि तो आपल्या ‘गो’चा सख्खा भाऊ, ‘पोरोस’ आपल्या ‘पार’चा. दोन्ही अवयव आपल्या घरचे! अर्थ, गुरं जिथून पार होतात ती जागा. मराठीत अशा जागेला नेमका शब्द आहे: उतार. ‘नदीला इथे उतार आहे’ म्हणजे इथून पायी पलीकडे जाता येतं. ‘तीर्थ’चाही मूळ अर्थ हाच, देव तिथे नंतर आले. शिवाय ‘उतार’ म्हणजे घसरणही, आणि पाणी या प्रथिनातून जातं ते घसरणीच्याच दिशेने. दोन्ही अर्थ एका शब्दात देणारा पर्याय मला दुसरा सापडत नाही.

‘ॲक्वा’ म्हणजे आपलं ‘अप्’ असं ठासून सांगणारे जाणकार आहेत. त्यांनी ध्वनिनियम पाहिलेले नाहीत. लॅटिन ‘क्व’समोर संस्कृतात ‘क’ किंवा ‘च’ येतो: ‘क्विस’–‘कः’, ‘क्वात्तुओर’–‘चत्वारः’. नियमाने ‘प’ येत नाही. रोमानियनमध्ये पाण्याला ‘आपा’ म्हणतात हा पुरावाही चालणार नाही, कारण तिथे ‘क्व’चा ‘प’ नंतर झाला. ‘क्वात्तुओर’चंही तिथे ‘पात्रु’ होतं.

‘छिद्र’ नको म्हणण्यामागे व्युत्पत्तीपेक्षा मोठं कारण आहे: रचना. छिद्रातून जे मावेल ते जातं, इथे तसं नाही. ॲक्वापोरिन-१ या प्रकारात २६९ अमिनो आम्लांची साखळी सहा वेळा पटलाच्या आरपार जाते, आणि दोन अर्धी सर्पिलं (स्प्रिंगसारखे वेटोळे) विरुद्ध बाजूंनी आत शिरून मध्यावर भेटतात. वाट दोन्ही तोंडांना रुंद, आत अरुंद. सगळ्यात चिंचोळ्या जागी रुंदी सुमारे ०.२८ नॅनोमीटर, म्हणजे पाण्याच्या एका रेणूएवढीच. तिथे आर्जिनिन या अमिनो आम्लाचा धनभार पहाऱ्याला आहे. मध्यावर दोन्ही अर्ध्या सर्पिलांच्या टोकांशी ॲस्परजिन–प्रोलिन–ॲलनिन या अमिनो आम्लांचं त्रिकूट आहे. एकामागून एक येणाऱ्या रेणूंचा ऑक्सिजन इथले ॲस्परजिन आपल्याकडे वळवून घेतात, त्यामुळे शेजारच्या रेणूंची हायड्रोजन बंधांची साखळी तुटते. याच साखळीवरून एरवी प्रोटॉन (धनभारित हायड्रोजन आयन) उड्या मारत जातो. तो जाऊ लागला तर पटलाच्या दोन बाजूंमधला प्रोटॉनांचा फरक पेशीला टिकवता येणार नाही. पाणी पार, प्रोटॉन अलीकडेच: ज्याला हे जमतं त्याला भोक म्हणणं हा त्या रचनेवर अन्याय आहे. अशी चार प्रथिनं एकत्र जोडलेली असतात आणि प्रत्येकाची वाट स्वतंत्र. चौघांच्या मधली पोकळी पाण्याची वाट नव्हे.

अमेरिकी शास्त्रज्ञ पीटर ॲग्रे यांना हे प्रथिन लाल रक्तपेशींतल्या आरएच प्रतिजनावर (रक्तगट ठरवणाऱ्या घटकावर) काम करताना मिळालं. १९९२ मध्ये बेडकाच्या अंडपेशींवरच्या प्रयोगाने त्याचं काम कळलं, २००३ मध्ये नोबेल मिळालं. नावातला ‘पोरिन’ जिवाणूंच्या बाह्यपटलातल्या प्रथिनांकडून आला, पण नातं नावापुरतंच. त्यांची घडण पिंपासारखी, पट्ट्यांची, याची सर्पिलांची.

माझा शब्द ‘जलोतार’. ‘पाणउतार’ करता येत नाही, ती जागा ‘पाणउताऱ्या’ने अडवली आहे. मात्र माणसातल्या १३ प्रकारांपैकी काहींतून ग्लिसरॉलही जातं, म्हणून शास्त्रीय लेखात ‘ॲक्वापोरिन’च ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला ‘जलोतार प्रथिन’ असा खुलासा जोडा. आणि ‘तो ॲक्वापोरिन’ लिहू नका. प्रथिन नपुंसकलिंगी, तेव्हा ते ॲक्वापोरिन, ती ॲक्वापोरिनं.