आपल्याकडे तापात अंघोळ, दही, केळं बंद. पण अमेरिकेतली जाऊ लेकराला आइस्क्रीम देते. बरोबर कोण?

दोन्ही बाजू, थोड्याथोड्या.

खाण्यावरून जगात फारसं भांडण नाहीच. आपल्याकडे गुरगुट्या भात, वर मेतकूट आणि साजूक तूप. कोथरूडला आमच्या मजल्यावर तमिळ कुटुंब आहे, त्यांच्याकडे मिरीचं झणझणीत रसम. जपानी लोक मऊ भातावर उमेबोशी नावाचं खारवलेलं आंबट फळ ठेवतात, कोरियात जुक म्हणजे भाताची पेज, अमेरिकेत चिकन सूप. मऊ, पातळ, खारट. आइस्क्रीमही चालतं, घसा दुखत असताना तेवढंच पोटात जातं. दह्या-केळ्यानेही ताप वाढत नाही.

खरी गंमत पाण्याची. आपण कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवतो. समोरच्या बंगाली काकीमा नातवाला पलंगावर आडवा निजवतात, मानेखाली प्लास्टिक, डोकं कडेबाहेर, खाली बादली, आणि मगाने हळूहळू केसांतून पाणी सोडत बसतात. पोरगं तिथेच झोपी जातं! जर्मनीत ओली फडकी पोटऱ्यांना गुंडाळतात, तीही पाय गरम असतील तरच. हा नियम मला शहाणपणाचा वाटतो, कारण हुडहुडी भरलेल्या माणसाला ओलं करणं म्हणजे छळ. पाणी साधं किंवा कोमट घ्या. बर्फ नको, स्पिरिट तर नकोच.

मला पटत नाही ती फक्त गोधडी. 'घाम काढा, ताप उतरेल' हे उलटं आहे. मेंदू तापाची पातळी खाली आणतो, म्हणून घाम येतो. थंडी वाजतेय तोवर पांघरूण घाला, थांबली की काढा. तान्ह्या बाळाला गुंडाळून तर मुळीच ठेवू नका. अंघोळ कोमट पाण्याने, अंगात त्राण असेल तर खुशाल.

पावसाळ्यात मात्र पुण्यात डेंग्यू असतो, तेव्हा काढा पाजत दिवस काढू नका. ताप दोन दिवसांत हटला नाही तर डॉक्टरांना दाखवून रक्त तपासा. तोवर औषध पॅरासिटामॉलच. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन नको, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि डेंग्यू निघालाच, तर ताप उतरल्यानंतरचे 24 ते 48 तास जास्त जपायचे असतात. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर लगेच दवाखाना गाठा.