अभंग तुकोबांचा, मग नोटीस कंपनीची कशी?

प्रश्न : गुहागरजवळ आमचं होमस्टे आहे. आमची वेबसाइट उघडली की तुकोबांचा एक अभंग वाजतो. सीडी विकत घेतलेली, गाणं 40 सेकंदच लावलेलं, खाली गायकाचं आणि कंपनीचं नावही दिलेलं. तरी कंपनीच्या वकिलाची नोटीस आली : सात दिवसांत दीड लाख भरा, नाहीतर फौजदारी. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या अभंगावर कोणाची मालकी कशी? आणि गावच्या भजनी मंडळाचं भजन किंवा सासऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरचं नाट्यसंगीत लावलं तर चालेल का?

उत्तर : ताई, अभंगाच्या शब्दांवर कोणाचीच मालकी नाही, इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही नुसते शब्द लावले नव्हते, कंपनीचं ध्वनिमुद्रण लावलं होतं. कॉपीराइट कायदा, 1957 एकाच गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे वेगवेगळे हक्क मानतो. शिवाय गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा कलाकार म्हणून हक्क असतो तो निराळाच. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या निधनानंतर 60 वर्षं टिकतो. उदाहरणार्थ, संगीतकार श्रीनिवास खळे 2011 साली गेले. त्यांनी अभंगांना लावलेल्या चाली 2071 अखेरपर्यंत मोकळ्या होत नाहीत, अभंग कितीही जुना असो. ध्वनिमुद्रणाची 60 वर्षं ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या 1 जानेवारीपासून मोजतात. म्हणजे 1994 साली पहिल्यांदा निघालेलं मुद्रण 2054 संपेपर्यंत कंपनीचंच.

सीडी विकत घेतली म्हणजे ती घरी ऐकता येते, जगाला ऐकवता येत नाही. ‘तीस-चाळीस सेकंद चालतात’ असं सगळेच सांगतात, पण कायद्यात असं कलम नाही. महत्त्वाचा भाग उचलला का, हे न्यायालय पाहतं, आणि आपण लावतो तो नेमका मुखडा असतो. श्रेय दिल्याने तर थोडं नुकसानच झालं. गाण्यावर कॉपीराइट आहे याची कल्पनाच नव्हती, असं सिद्ध करणाऱ्याला कलम 55 थोडी सवलत देतं. तुम्ही कंपनीचं नाव स्वतःच छापून बसलात. भक्तिसंगीत आहे म्हणून सूट मागाल, तर कलम 52 मधली सूट खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत वाजवण्यापुरती आहे. खोल्यांचे दर लिहिलेलं पान हा विधी नव्हे.

आता नोटिशीचं. आजच गाणं काढा, पण त्याआधी पानाचे स्क्रीनशॉट घ्या, गाणं कधी लावलं आणि पानावर किती लोक येऊन गेले याची नोंद वेबसाइट करून देणाऱ्याकडून मागवून ठेवा. नुसतं बटण काढून भागत नाही, फाइल सर्व्हरवरूनही जायला हवी. नाहीतर थेट लिंकने ती वाजतच राहते. तेच गाणं होमस्टेच्या फेसबुक पानावर असेल तर तिथूनही काढा. गाणं उतरलं की मनाई हुकूम तातडीने मागायला कंपनीकडे फारसं कारण उरत नाही.

सात दिवसांची मुदत कंपनीच्या वकिलाने घातली आहे, न्यायालयाने नाही. तरी गप्प बसू नका आणि फोनवर माफी मागून मोकळ्याही होऊ नका. फौजदारीची धमकी पोकळ नाही : जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम 63 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख दंड आहे. नफ्यासाठी केलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, पण होमस्टे हा धंदा आहे, त्या भरवशावर राहू नये. माझ्या मते मात्र हे प्रकरण पैशांवर मिटणारं आहे, आणि दीड लाख हा घासाघिशीचा पहिला आकडा आहे.

म्हणून वकिलामार्फत लेखी उत्तर द्या : गाणं उतरवलं आहे, बाकी काही कबूल नाही. मुद्रणाची मालकी दाखवणारे कागद मागा, ते पहिल्यांदा कधी प्रसिद्ध झालं ते विचारा, आणि एवढ्या वापरासाठी परवान्याचा त्यांचा नेहमीचा दर काय, तेही विचारा. दीड लाखाचा आकडा त्या दराशी जुळवून मगच बोलणी करा. तडजोड झाली तर ती ध्वनिमुद्रण आणि चाल दोन्हींसाठी आहे, आधीचा सगळा वापर त्यात आला, असं लिहून घ्या. नाहीतर कंपनीला पैसे देऊन झाल्यावर चालीसाठी दुसरं पत्र यायचं. गीतकार-संगीतकारांच्या वतीने वसुली करणारी आयपीआरएस ही स्वतंत्र संस्था आहे.

भजनी मंडळाची कल्पना मला आवडली. फक्त बुवांना सांगा की परंपरेतली वारकरी चाल घ्या. मंडळं हल्ली सर्रास रेकॉर्डवरच्याच चाली म्हणतात. मृदंग-टाळवाल्यांसकट सगळ्यांची लेखी संमती घ्या, कारण कलाकाराचा हक्क 50 वर्षं चालतो. संमतीत मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. वेबसाइट दुबईतही उघडते, तेव्हा ‘जगभर’ हा शब्द घालाच. (आणि पान उघडताच गाणं सुरू करू नका. बरेच ब्राउझर आवाज तसाही अडवतात, आणि पाहुणा दचकतो.)

इंटरनेटवरचं ‘मोफत’ संगीत घेणार असाल तर परवाना वाचा. ‘बिगर-व्यावसायिक’ लिहिलेलं तुमच्या कामाचं नाही.

सासऱ्यांच्या तबकड्यांचं काम सोपं आहे. 1960 च्या आधी प्रसिद्ध झालेल्या मुद्रणांचा हक्क भारतात संपला आहे. शब्द आणि चाल मात्र वेगळी तपासा : खाडिलकर 1948 साली गेले, गोविंदराव टेंबे 1955 साली, म्हणजे खाडिलकरांची पदं टेंब्यांच्या चालीत असतील तर दोन्ही मोकळी. तबकडीवरून गाणं स्वतःच उतरवून घ्या. कंपनीने आवाज साफ करून नव्याने काढलेल्या सीडीवरून घेतलंत, तर पुन्हा वाद नको असताना वादाला जागा होईल.