पूलचा तळ घासायला ब्रश कोणता?

प्रश्न : भाऊ, आमच्या नागपूरच्या मनीषनगरातल्या सोसायटीत लहानसा स्विमिंग पूल आहे, टाइलचा. मे लागला की पोरं दिवसभर पाण्यात, आणि पंधरा दिवसांत तळ असा बुळबुळीत होतो की परवा माझ्या मुलीचा पाय सटकला. पाणी वरून एकदम साफ दिसून राहिलं पण टाइलच्या फटी हिरव्या. देखभालीच्या पोरानं इतवारीतून तारेचा ब्रश आणून जोर लावून घासलं, तर आता तळाला लालसर ठिपके येऊन राहिले. काहून होतं असं? कोणता ब्रश घ्यावा?

उत्तर : ताई, मुलीला लागलं नाही ना? तो तारेचा ब्रश पहिले बाजूला ठेवा, आजच. साध्या लोखंडी तारेचे बारीक तुकडे तुटतात, फटीत अडकतात आणि तिथेच गंजतात, तेच तुमचे ठिपके. दोरीला चांगलं मॅग्नेट बांधून तळावरून फिरवा, सुटे तुकडे चिकटून येतील.

ब्रश तळ कशाचा आहे ते बघून घ्यायचा, घाण किती आहे ते बघून नाही. इथेच बहुतेक लोक चुकतात. टाइल, फायबर किंवा लायनर (आतून लावलेलं प्लास्टिकचं अस्तर) असेल तर फक्त नायलॉनचा. स्टेनलेस स्टीलचा ब्रश फार्महाउसवरच्या नुसत्या सिमेंट-प्लास्टरच्या टाकीसाठी, तोही काळं शेवाळ घट्ट बसलं असेल तरच. तुम्ही १८ इंची नायलॉनचा घ्या, पाठ ॲल्युमिनियमची असलेला, कारण नुसत्या प्लास्टिकची पाठ दाब दिला की वाकते आणि मधले केस तळाला टेकतच नाहीत. दोन्ही टोकं वर वळलेली हवीत म्हणजे भिंत आणि तळ मिळतात तो कोपरा निघतो. दांडा लांब-आखूड होणारा घ्या, पूलच्या सगळ्यात खोल जागी काठावरून आरामात पोचेल इतका.

आता मारायचा कसा. पंप सुरू ठेवा आणि पाण्यात कोणी नको. आधी भिंती वरून खाली, मग पायऱ्या, शिडीच्या मागची जागा, कोपरे, कारण तिथे पाणी फिरत नाही आणि शेवाळ पहिले तिथेच धरतं. शेवटी तळ, उथळ बाजूकडून खोल बाजूच्या ड्रेनकडे, एक पट्टा झाला की दुसरा त्याच्यावर थोडा चढवून, आणि हळू, खरंच हळू, झाडू मारल्यासारखं झपाझप केलं तर सगळा गाळ पाण्यात उठतो आणि रात्रीतून परत तिथेच बसतो, मग पोरगं म्हणतं मी तर कालच घासलं. टाइलच्या फटीवर ब्रश उभा-आडवा दोन्हीकडून फिरवा, टाइल गुळगुळीत असते पण फट खरबरीत, शेवाळ तिथेच पकडून बसतं.

नुसतं घासून भागणार नाही हेही सांगतो. शेवाळाच्या वरचा चिकट थर ब्रशनं फुटतो तेव्हाच क्लोरीन आत पोचतं, म्हणून क्लोरीन घासल्यानंतर टाका आणि संध्याकाळी टाका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, भर उन्हात टाकलेलं क्लोरीन दुपारपर्यंत उडून जातं. पीएच, म्हणजे पाणी किती आंबट की खारट त्याचं माप, ७.२ ते ७.६ आणि क्लोरीन १ ते ३ पीपीएम, म्हणजे लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम, टेस्ट किटनं मोजूनच, अंदाजानं नाही. सकाळी बसलेला गाळ व्हॅक्यूमनं ओढून घ्या. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा ब्रश झालाच पाहिजे, पाणी साफ दिसो की न दिसो.

आणि ताई, एक गोष्ट हात जोडून. डाग काढायला ॲसिड ओततात काही जण. ॲसिड आणि क्लोरीन कधीच एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू होतो, जीवावर बेतू शकतं. दोन्हीचे डबेसुद्धा वेगवेगळ्या खोलीत ठेवायला सांगा त्या पोराला.

गंजाच्या ठिपक्यावर आधी व्हिटॅमिन सीची साधी पांढरी गोळी घासून बघा, किंवा दोन-चार गोळ्या जुन्या मोज्यात बांधून अर्धा तास डागावर ठेवा. डाग फिका पडला तर तो लोखंडाचाच. मात्र त्यानं पाण्यातलं क्लोरीन कमी होतं, म्हणून नंतर परत मोजा आणि तोवर पोरांना आत सोडू नका.